नियम पाठ, उत्तर चूक: तलाठी भरतीच्या इंग्रजीचं एक प्रकरण

तलाठी भरतीचा पेपर शंभर प्रश्नांचा, दोनशे गुणांचा. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी, प्रत्येकी २५ प्रश्न. म्हणजे इंग्रजीचे सरळ ५० गुण. २०२३ च्या जाहिरातीत साडेचार हजारांहून जास्त जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. इतक्या गर्दीत एकेका गुणाला किती किंमत येते हे सांगायला नको. तरी आमच्या भागातली निम्मी-अधिक मुलं या ५० गुणांवर आधीच पाणी सोडून बसलेली असतात. ‘इंग्रजी जाऊ द्या, बाकीच्यात काढू’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता मी त्यावर वाद घालत नाही, वही काढायला सांगतो.

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका मुलीचं आहे. तिला विचारूनच लिहितो आहे. नाव आणि गाव मात्र देत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि रविवारी तिच्या गावच्या अभ्यासिकेत जातो. अभ्यासिका म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली, लांब बाकं, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि लाइट गेला की मोबाइलचे टॉर्च.

घरचं तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग तालुक्याला बी.ए. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे तिच्या वाट्याला हा विषय पहिलीपासून पदवीपर्यंत सलग आला होता. बारावीला ती इंग्रजीत पास झालेली, आणि तलाठी परीक्षेतल्या इंग्रजीचा दर्जा बारावीचाच असतो. कागदावर पाहिलं तर अडचण यायलाच नको होती.

मग गाडी अडली कुठे? लोक लगेच ‘मराठी माध्यम’ म्हणून मोकळे होतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिच्या बाबतीत दुसरं एक कारण जास्त भारी पडलं, आणि ते गावोगाव दिसतं. बी.ए. नंतर ती पोलीस भरतीच्या मागे लागली होती. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणं, दुपारी गोळाफेक, रात्री लेखीचा अभ्यास. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण असतं. इंग्रजीचा एक प्रश्न नसतो. त्यामुळे तयारीची ऐन वर्षं इंग्रजीला हातही न लावता गेली. महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. घरी भिंतीला टेकून मोजलेली उंची मैदानावर जरा कमी भरली आणि तो रस्ता बंद झाला. मग वनरक्षक, तलाठी, जे निघेल ते. या दोन्हींत इंग्रजी आहे. खेड्यातली बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेत शिरतात ती पोलीस भरतीच्याच दारातून, आणि त्या दारात इंग्रजी कोणी विचारत नाही. पुढच्या दारात एकदम पाव पेपर इंग्रजीचा निघतो.

ती माझ्याकडे आली तेव्हा तूर काढून झाली होती आणि कापसाची शेवटची वेचणी चालू होती. सराव पेपरांत तिचं मराठी विसाच्या खाली जात नव्हतं. सामान्य ज्ञान बरं, गणित मध्यम. इंग्रजीत २५ पैकी सात, आठ, कधी नऊ. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे ती एकही प्रश्न रिकामा सोडत नव्हती. चार पर्यायांच्या २५ प्रश्नांना डोळे झाकून उत्तरं दिली तरी सरासरी सहा बरोबर येतात. तिच्या सगळ्या घोकंपट्टीची कमाई या सहाच्या वर दोन-तीन प्रश्न, एवढीच होती. हा हिशेब तिच्यासमोर मांडला तेव्हा तिचा चेहरा पडला, पण तो मांडणं गरजेचं होतं. कारण तोवर ती आणखी एक शब्दांची यादी पाठ करायच्या बेतात होती.

मेहनत नव्हती असं कोणी म्हणू नये. तिची व्याकरणाची वही मी पाहिली. निळ्या शाईत नियम, लाल शाईत अपवाद, काळांचा तक्ता पट्टीने आखलेला, प्रत्येक काळाची रचना चौकटीत. एका क्लासच्या व्हिडिओंवरून उतरवलेलं होतं. मी मधूनच एक नियम विचारला, तिने घडाघडा म्हणून दाखवला. नियम पाठ होता आणि तोच नियम लागणारा प्रश्न चुकलेला होता. ‘सर, नियम येते मले. पेपरात काऊन चुकते थे समजत नाही,’ ती म्हणाली.

त्यावर मी तिला चुकलेलेच प्रश्न घेऊन बसायला सांगितलं. नवं काही वाचायचं नाही. एकच विचारायचं: हे उत्तर मला बरोबर का वाटलं?

पहिला प्रश्न होता गाळलेल्या जागेचा. ‘द गर्ल ___ ईटन द मँगोज.’ तिने ‘हॅव’ निवडलं होतं. कर्ता एकवचनी असेल तर ‘हॅज’ हे तिला चांगलं माहीत होतं. मग ‘हॅव’ का? ती बराच वेळ प्रश्नाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, आंबे पुष्कळ आहेत ना.

हे उत्तर वेंधळेपणाचं नाही. मराठीत आपण ‘मुलीने आंबे खाल्ले’ म्हणतो. क्रियापद मुलीकडे बघत नाही, आंब्यांकडे बघतं. एक आंबा असता तर ‘खाल्ला’, भाकर असती तर ‘खाल्ली’. हा कर्मणी प्रयोग, आणि त्यावरचे मराठीतले प्रश्न ही मुलगी झोपेतही सोडवते. इंग्रजीत मात्र ती कर्मणीचाच डोळा घेऊन गेली होती. तिथे क्रियापद कर्त्याला सोडून कोणाकडेच बघत नाही. तिला एवढंच सांगितलं, की इंग्रजीचं क्रियापद कायम कर्तरी वागतं. तिच्या वहीतल्या नियमातही हेच होतं, पण इंग्रजी नावांनी आणि मराठीशी काही नातं नसल्यासारखं.

दुसरी गाठ प्रयोग बदलण्याच्या प्रश्नांत सापडली. साधं कर्तरी वाक्य दिलं, त्याचं कर्मणी करा, असा प्रश्न. ती मनात आधी मराठी करायची: ‘रामने पत्र लिहिलं.’ हा ‘ने’ तिला इंग्रजीतल्या ‘बाय’सारखा वाटायचा आणि वाक्य मुळातच बदललेलं आहे असं समजून ती गोंधळायची. भूतकाळ आला की हमखास चूक, वर्तमानकाळात ठीक. असं का, ते तिच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. कारण मराठीत ‘ने’ लागतो तो भूतकाळात. ‘राम पत्र लिहितो’ यात तो नाही. हे तिने स्वतःच काढलं. मी फक्त चुकलेले प्रश्न काळानुसार वेगळे लावून दिले होते.

इथून पुढचं काम सोपं झालं असं नाही, पण दिशा ठरली. आणि ती ठरली तिच्याच एका जुन्या आठवणीतून. तिला मी विचारलं होतं, की मराठी व्याकरण इतकं पक्कं कसं? घरी तर सगळे वऱ्हाडी बोलतात, ती स्वतः ‘मी जातो’ म्हणते, ‘मी जाते’ नाही. ती म्हणाली, पाचवीच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने केले होते. एकीकडे घरचं, एकीकडे पेपरातलं. मले, मला. तुले, तुला. थो, तो. पाह्यलं, पाहिलं. घरचं चूक असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. पेपरात हे लिहायचं, एवढंच. म्हणजे ही मुलगी बोलते त्याहून निराळं व्याकरण एकदा शिकलेली होती, आणि फरक मांडून शिकलेली होती. इंग्रजीत तिला कोणी फरक मांडून दिला नव्हता. नियम कोऱ्या पाटीवर लिहावेत तसे दिले होते, आणि तिची पाटी कोरी नव्हतीच.

मग एक नवी वही घातली. तीन रकाने: मी काय निवडलं, माझ्या मराठीत ते कसं येतं, इंग्रजी कुठे वेगळी जाते. चुकलेला प्रत्येक प्रश्न यात. बरोबर आलेला, पण अंदाजपंचे आलेला प्रश्नही यात; यावर मी हट्ट धरला, कारण सरावात अंदाजाने मिळालेला गुण मुलं आपल्या नावावर जमा करून टाकतात आणि तो घटक तपासायचा राहून जातो.

काही आठवड्यांत चुकांचे गठ्ठे आपोआप दिसायला लागले. ‘पासून’चा गठ्ठा मोठा होता. मराठीत ‘दोन वर्षांपासून तयारी करते आहे’ आणि ‘जानेवारीपासून तयारी करते आहे’ दोन्हीकडे ‘पासून’च, आणि काळही साधा चालू वर्तमान. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, अवधी सांगायचा तर ‘फॉर’, आणि क्रियापद ‘हॅव बीन’चं. ‘आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स टू इयर्स’ यात दोन्ही चुका एकदम होतात. चुका शोधण्याच्या प्रश्नांत नेमकं असंच वाक्य देतात आणि मराठी माणसाला त्यात काहीच खटकत नाही.

शब्दयोगी अव्ययांचा गठ्ठा तर मजेशीर निघाला. तिच्या बहुतेक चुका मराठीकडून तंतोतंत बरोबर होत्या. ‘विषयावर चर्चा केली’, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’. इंग्रजीत तिथे काहीच लागत नाही. ‘त्याच्याशी लग्न झालं’, म्हणून ‘मॅरीड विथ’, हवं ‘टू’. ‘गणितात हुशार’, म्हणून ‘गुड इन’. पेपरवाल्यांना हवं ‘ॲट’. ‘त्याच्यापेक्षा वरचढ’, म्हणून ‘सुपीरिअर दॅन’, हवं ‘टू’. ही यादी तिच्या जुन्या वहीतही होती, शंभराहून जास्त जोड्यांची, सगळी सारख्याच तोलाची. त्यातल्या मराठीशी जुळणाऱ्या जोड्या पाठ करायची गरजच नव्हती, त्या तशाही बरोबर येत होत्या. न जुळणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढल्यावर यादी पानभर उरली.

अप्रत्यक्ष कथनाचंही तेच. मराठीत ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. ‘की’ लागला तरी आतलं वाक्य जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत ‘दॅट’ आला की सर्वनाम, काळ आणि ‘उद्या’ तिन्ही बदलतात. ती दोन बदलायची आणि तिसरं विसरायची, बहुतेक वेळा काळ. तिने रकान्यात लिहिलं होतं: ‘तीन ठिकाणी हात लावला का पाहणे.’ पाठ्यपुस्तकातल्या पानभर नियमांपेक्षा हे तिला जास्त उपयोगी पडलं.

समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि वाक्प्रचार यांत या पद्धतीचा काही उपयोग नाही. तिथे आधीचे पेपर पाहायचे, येऊन गेलेले शब्द वाक्यासकट लिहून ठेवायचे, बस. हजार शब्दांच्या पीडीएफ मी तिला मोबाइलमधून पुसायला लावल्या. त्या असल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं.

उताऱ्याला मात्र वेळ द्यावा लागला. सराव पेपरांत ती उतारा सगळ्यात शेवटी ठेवायची आणि वेळ संपत आला की चारही प्रश्नांना एकच पर्याय मारून मोकळी व्हायची. लांब इंग्रजी मजकूर दिसला की वाचायचंच नाही, ही सवय शाळेपासूनची. यावर बालभारतीची सहावी ते आठवीची इंग्रजीची पुस्तकं घेतली. ती फुकट डाउनलोड होतात आणि पाण्याच्या टाकीजवळ नेटवर्क बरं येतं. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि लगेच घरात कोणाला तरी आपल्या बोलीत सांगायचा. शब्दाला शब्द नको, काय झालं ते सांगायचं. आई सरकी निवडत बसलेली असायची, तिला सांगायची. सुरुवातीला आईला काही उमगायचं नाही, मग ती उलट प्रश्न विचारायला लागली: ‘मंग त्या पोराचं काय झालं?’ मुलीला उत्तर देता आलं नाही की पुन्हा पुस्तक उघडायचं. आकलनाची इतकी चांगली परीक्षा मी वर्गात कधी घेतली नाही. आठवीच्या धड्यांपर्यंत पोचल्यावर परीक्षेतले उतारे तिला लांब वाटेनासे झाले.

घरचा प्रश्न मध्येमध्ये येतच होता. जूनच्या शेवटी जाहिरात आली तीच पेरणीच्या धांदलीत. अर्जाची फी राखीव प्रवर्गाला नऊशे, खुल्याला हजार. बियाणं-खताला पैसे लागत असताना नऊशे रुपये घरात मागणं सोपं नसतं. जुलैमध्ये डवरणी-निंदणाला माणूस मिळेना, तेव्हा ती वावरात गेली आणि वही मागे पडली. सराव पेपरांत गुण थोडे घसरलेही. मी फार काही म्हटलं नाही. रोजच्या परिच्छेदाला तेवढी सुट्टी द्यायची नाही, असं ठरलं आणि ते तिने पाळलं.

परीक्षा १७ ऑगस्टपासून १४ सप्टेंबरपर्यंत अनेक सत्रांत झाली. नंतर उमेदवारांना आपापली उत्तरपत्रिका आणि बरोबर उत्तरं संगणकावर पाहता आली. आमच्या कामाला ती फार मोलाची ठरली, कारण सराव पेपरात कितीही नाही म्हटलं तरी मनात एक सूट असते. इंग्रजीत तिचे १६ बरोबर होते. तिने बसल्या बसल्या त्यातले अंदाजाचे वेगळे काढले, तर दोनच निघाले. माझ्या दृष्टीने सोळापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. आठ बरोबर यायचे त्या काळात अंदाजाचे किती असतील ते तिला सांगताही आलं नसतं.

निवड झाली नाही. एकूण गुण कमी पडले. सत्रं वेगवेगळी असल्यामुळे गुणांचं सामान्यीकरण झालं, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांचे गुण एका पातळीवर आणले गेले, आणि त्यात वरच्या काहींचे गुण दोनशेच्याही पुढे गेले म्हणून पुष्कळ आरडाओरडा झाला. पण तिचं नुकसान त्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. या वेळी तिला मागे खेचलं ते गणिताने. इंग्रजीला इतका वेळ गेला म्हणून गणित राहिलं का, असा प्रश्न तिच्या वडिलांनी मला विचारला. प्रश्न रास्त होता. गणित आधीही मध्यमच होतं आणि तितकंच राहिलं, हे सराव पेपर दाखवून मी त्यांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

उरलेल्या चुकांत एक गठ्ठा अजून तसाच आहे: ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’. मराठीत या जागी काहीच नाही, त्यामुळे मधला रकाना रिकामा राहतो आणि फरक मांडायला आधारच मिळत नाही. ‘सूर्य’, ‘नदी’, ‘एकमेव वस्तू’ असे नियम तिला येतात आणि ठरावीक प्रश्न सुटतात. पण उताऱ्यातून उचललेलं वाक्य दिलं की पुन्हा तुक्का. इथे भरपूर वाचून कान तयार होण्याशिवाय मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही, आणि त्याला महिने लागतात.

आता ती लोकसेवा आयोगाच्या गट-क परीक्षेच्या तयारीला लागली आहे. पूर्व परीक्षेत इंग्रजी नाही. मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरात मराठीच्या जोडीला आहे. तिथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. त्यावरून आमचा सध्या एक वाद चालू आहे. ‘ए’-‘द’चे प्रश्न सोडून द्यावेत, असं मला वाटत होतं. तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून आणला: चारपैकी एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तर उरलेल्या तिनांत अंदाज मारूनही सरासरी फायदाच होतो. हिशेब बरोबर आहे, मी दोनदा तपासला. माझी अट एवढीच आहे, की तो एक पर्याय का खोडला हे तिसऱ्या रकान्यात लिहिता आलं पाहिजे. ती म्हणते, पेपरात बसून रकाना कुठून आणू.